घरचा खाऊ : दाण्याचा लाडू



आज मी तुमच्याशी दाण्याच्या लाडवाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, यात बाई नवीन काय सांगणार? दाण्याचा लाडू कोणाला येत नाही? एकादशीला तो होतो, महाशिवरात्रीला होतो, शाळेतून आलेल्या पोराच्या हातावर ठेवायला होतो. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालेल्या बायकांच्या पिशवीत तो हमखास सापडतो. नर्सीहून पंढरीच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्याच्या शिदोरीतही असतो. हे सारे खरे आहे. लाडू वळायला मी तुम्हाला शिकवावे असे काही नाही. पण लाडवात जाणारा दाणा कसा असतो आणि वळून झालेला लाडू घरात कोणाच्या वाट्याला येतो, याकडे आपले फारसे लक्ष नसते. मला बोलायचे आहे ते त्याबद्दल. मधे मधे कृतीही सांगेन, म्हणजे कंटाळा यायचा नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी मी उन्हाळ्याच्या अखेरीस गेले होते. आपल्या हिंगोली जिल्ह्यात खरिपाचे रान आता बहुतेक सोयाबीनने आणि हळदीने व्यापलेले असते. पूर्वी ज्वारी-कापसाच्या जोडीने पावसाळी भुईमूग दिसायचा, तो आता क्वचित. पण जिथे कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी आहे, तिथे उन्हाळी भुईमूग अजून होतो. त्या घरीही नुकताच भुईमूग निघाला होता. ओसरीवर शेंगांची रास पडली होती आणि आजी व सून निवडायला बसल्या होत्या. भरलेली, गोरी, टपोरी शेंग पोत्यात पडत होती. पोचट, काळी पडलेली, मुंगीने कोरलेली, खुरप्याने चिरलेली शेंग बाजूच्या टोपलीत.

मी विचारले, "आजी, ही टोपली कशाला वेगळी?"

आजी म्हणाल्या, "ती व्हय? ती घरी खायाला. बाजारात कोण घेतंय तसली? कूट केल्यावर काय कळतंय, बाई!"

आजींचे बोलणे मला नवीन नव्हते. माझ्या आईच्या घरीही अशीच टोपली असायची आणि त्याच टोपलीतला दाणा आम्ही खाल्ला. शेतकऱ्याच्या घरची ही जुनी रीत आहे : चांगले ते विकायचे, उरेल ते खायचे. दुधाचे तसे, भाजीचे तसे, शेंगांचेही तसेच. पैशाची नड असते, त्यामुळे कोणाला दोष देता येत नाही. पण भुईमुगाच्या बाबतीत ही रीत अंगाशी येणारी आहे. कशी, ते सांगते.

१९६० साली इंग्लंडात एक विचित्र गोष्ट घडली. तिकडे टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी पाळतात. हे पक्षी अचानक पटापट मरू लागले. काही महिन्यांत लाखाच्या वर पक्षी गेले. रोग कोणता ते कोणालाच कळेना. शोध घेता घेता माग लागला तो त्यांच्या खाद्याचा. त्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीला बुरशी लागलेली होती. ती बुरशी एक विष तयार करते, असे पुढे सिद्ध झाले. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. डोळ्यांना ते दिसत नाही, जिभेला त्याची वेगळी चव कळत नाही, आणि ते जाऊन बसते ते यकृतात, आपण ज्याला काळीज म्हणतो त्याच्या शेजारच्या त्या अवयवात. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. एकदम जास्त गेले तर कावीळ होऊन माणूस दगावतो. हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाड्याच्या आणि गुजरातेतल्या पंचमहालाच्या खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे मका होता, इथे भुईमूग. पण बुरशी तीच.

आता ही बुरशी धरते कुठल्या दाण्याला? नेमकी आपल्या त्या टोपलीतल्या! पोचट, सुरकुतलेला, काळपट, किडीने भोक पाडलेला, टरफल चिरून उघडा पडलेला दाणा, हे तिचे आवडते घर. पिकाच्या शेवटी पाण्याचा ताण पडला, किंवा शेंगा काढून ठेवल्या आणि रोहिणीचा पाऊस अवचित आला, तर तिला आणखीच फावते. आणि हे विष भाजल्याने जात नाही, उकळल्याने जात नाही. थोडेफार कमी होते इतकेच. म्हणजे "भाजला की झाला शुद्ध" ही समजूत इथे उपयोगाची नाही. कुटात सगळे एक होऊन जाते, कळत काही नाही, हे आजींचे म्हणणे अगदी बरोबर. भीती आहे ती त्याचीच.

पण उपाय अवघड नाही, आणि तो आपल्याच हातचा आहे. असे दाणे निवडून टाकले की विषाचा बहुतेक भाग त्यांच्याबरोबर निघून जातो. ज्या निवडणीने आपण व्यापाऱ्याचे पोते स्वच्छ करतो, त्याच निवडणीने आपला डबा स्वच्छ करायचा. अर्धा पायली शेंगा घरासाठी म्हणून आधीच चांगल्यातल्या काढून ठेवा आणि मग पोती शिवा. खराब टोपली उकिरड्यावर जाऊ द्या. गुरांनाही घालू नका, कारण गाईने ते खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि फिरून आपल्याच घरात येतो.

शेंगा वाळवण्याविषयी दोन शब्द. शेंग कानाशी धरून हलवली तर आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा बोटांत चोळला तर वरची तांबडी साल सहज सुटली पाहिजे. तोवर पोत्यात भरू नये. पोते मातीच्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि भिंतीपासून वीतभर दूर. आणखी एक सवय आहे. फोडायला सोपे जावे म्हणून काही बाया शेंगांवर पाणी शिंपडतात. टरफल मऊ पडते, बोटे दुखत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ती ओल दाण्यात मुरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. शिंपडलेच तर फोडलेले दाणे त्याच दिवशी उन्हात कडक वाळवावेत. बाजारातून दाणे आणणाऱ्या भगिनींनी सुट्या दाण्यांची मूठ ताटात पसरून पाहावी. काळे, हिरवट, सुरकुतलेले वेचून काढावेत. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा. पोरांनाही ही सवय लावावी.

आता कृतीकडे वळू.

अर्धा किलो निवडलेले दाणे घ्या. कढई जाड बुडाची हवी. आच मंद. दाणा भाजायला घाई केली की वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, मग लाडू पचायला जड जातो आणि टिकतही नाही. वीस-पंचवीस मिनिटे हलवत बसावे लागते. आपल्याकडे या कामाला म्हाताऱ्या माणसांना बसवतात ते उगीच नाही. दाणा तडतडू लागला, सालीवर बारीक डाग पडले आणि दोन बोटांत दाबला की दोन फाका झाल्या, की उतरवावा. पुरता निवू द्यावा. मग सुपात घालून हाताने चोळून साल पाखडावी. या वेळी पुन्हा एकदा नजर टाका. साल निघाली की आतला डागी दाणा उघडा पडतो.

गूळ दोनशे ग्रॅम. वाटीच्या मापाने सांगायचे तर चार वाट्या दाण्यांना चिरून दाबून भरलेली एक वाटी गूळ. आपल्याकडे याहून बराच अधिक गूळ घालायची पद्धत आहे, दोन वाट्या दाण्यांना एक वाटी, कोणी सव्वा वाटीही घालते. मग लाडू गोड होतो, पण तो गुळाचा लाडू होतो, दाण्याचा राहत नाही. कमी गुळाने लाडू वळत नाही असे वाटते, तसे नाही. लाडू वळतो तो दाण्याच्या तेलाने. उखळात दाणे आणि गूळ एकत्र घालून कांडले की तेल सुटते आणि मूठ आपोआप आवळते. मिक्सर असेल तर तो थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवला तर दाण्याचा लगदा होतो आणि लाडू बसका, तेलकट होतो. थोडे दाणे जाडसर ठेवले तर खाताना मजा येते. वेलदोडा किंवा चिमूटभर सुंठ आवडीप्रमाणे. तूप घालायची गरज नाही. हिंगोली-वसमतचा बाजार हळदीचा म्हणून लाडवात हळद घाला, असे मात्र मी सांगणार नाही!

एवढ्या जिनसांत लिंबाएवढे पंचवीस-सव्वीस लाडू होतात. एका लाडवात साधारण अठरा ग्रॅम दाणे आणि सात-आठ ग्रॅम गूळ येतो. त्यातून चार ग्रॅमांच्या आसपास प्रथिने मिळतात आणि सव्वाशे-दीडशे कॅलरी शक्ती. शाळकरी मुलाला मधल्या वेळेस एक लाडू पुरतो. दिवसभर निंदणीला वाकणाऱ्या बाईला दोन. बैठे काम करणाऱ्या शहरातल्या मंडळींनी एकावर थांबावे, कारण दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असते.

दाण्याचे नाव निघाले की बदामाची आठवण होते आणि आपण जरा शरमतो, आमचा आपला गरिबाचा बदाम म्हणून. शरमायचे काहीच कारण नाही. भुईमूग हा खरे म्हणजे बदाम-काजूच्या जातीचा नव्हेच. तो मुगा-चवळीचा भाऊबंद आहे आणि त्याचे नावच ते सांगते. दक्षिण अमेरिकेतून तो जगभर गेला आणि आपल्याकडे येऊन इतका रुळला की आज त्याच्यावाचून आपला उपवास सुटत नाही आणि भाजीला अंग येत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. बदामात त्याहून थोडी कमीच. बदामाचे इतर गुण आहेत, ते नाकारत नाही. पण घरात बदाम नाहीत म्हणून पोराचे काही अडते आहे असे समजू नका.

भुईमुगाच्या या बळाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. म्हैसूरला १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली. तिथे तेल काढून उरलेल्या भुईमुगाच्या पिठात हरभऱ्याचे पीठ मिसळून, वर जीवनसत्त्वे व क्षार घालून एक पौष्टिक पीठ तयार केले होते. तीन भाग भुईमूग आणि एक भाग हरभरा असे त्याचे प्रमाण होते. पुढे १९९६ साली फ्रान्समधल्या आंद्रे ब्रियां या डॉक्टरांनी दाण्याचे वाटण, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांची एक पेस्ट सिद्ध केली. आफ्रिकेतल्या दुष्काळात खंगलेल्या हजारो मुलांना ती पाकिटातून भरवली गेली. तिचे मोठे वैशिष्ट्य असे, की तिच्यात पाणी घालावे लागत नाही. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, शिजवावे लागत नाही आणि पाकीट उघडले तरी लगेच नासत नाही. आपला लाडू पंधरा-वीस दिवस टिकतो तोही याच कारणाने. अर्थात लाडू म्हणजे ते औषध नव्हे. पोर खंगले असेल, दंड काडीसारखा झाला असेल, पायावर सूज असेल, तर लाडवावर विसंबू नये. अंगणवाडीत वजन करून आधी दवाखाना गाठावा.

आता गुळाबद्दल. इथे मला तुमचा थोडा रोष पत्करावा लागणार. "साखर वाईट, गूळ चांगला, गुळाने रक्त वाढते," असे आपण सर्रास म्हणतो. त्या घरची सून मला म्हणाली, "बाई, अंगात रक्त कमी हाय म्हणले डॉक्टर. मग गूळ-दाणे खायलीय रोज." तिचे डोळे पांढुरके, नखे फिकी, पायरी चढताना दम. गूळ-दाणे चांगले, पण त्यावर ती विसंबून होती, आणि लोहाच्या गोळ्या मात्र तोंडाला पाणी सुटते, मळमळते म्हणून फडताळात पडून होत्या.

हिशेब सरळ आहे. गुळात लोह असते, पण शंभर ग्रॅमला दोन-चार मिलिग्रॅम, फार तर पाच. आपल्या लाडवात गूळ आठ ग्रॅम. दाण्यांतले लोह धरूनही एका लाडवातून मिलिग्रॅमच्या आसपासच पदरात पडते, आणि त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. बाईला दिवसाला लागते २९ मिलिग्रॅम. तेव्हा गुळाने रक्त भरून काढायचे म्हटले तर ढेप खावी लागेल! शक्तीच्या बाबतीत तर गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. गुळाला वास आहे, चव आहे, तो आपल्या घरचा आहे, म्हणून लाडवाला गूळच हवा. पण औषध म्हणून नव्हे. मधुमेह असलेल्या माणसाला "गुळाचाच आहे, खा" असा आग्रह करणे तर अगदी चूक.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर बायांत चौपन्न बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! तेव्हा गोळ्या घ्याव्याच लागतात. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्याव्यात. गोळीवर चहा पिऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांनी ते अधिक लागते. लाडू खाल्ल्यावर अर्धा पेरू खाल्ला तर त्या मिलिग्रॅमभर लोहाचेही चीज होईल. सुनेला मी एवढेच सांगितले, की लाडू सोडू नकोस आणि गोळीही सोडू नकोस. ती हसली. आजी मात्र गप्प होत्या.

लाडवात तीळ मिसळले तर उत्तम. अर्धा किलो दाण्यांतले शंभर ग्रॅम काढून तेवढे तीळ वेगळे भाजून घालावेत. तिळाने चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, पुरवठा होतो. संक्रांतीपुरतेच तीळ का आठवावेत? अळीव बाळंतिणीसाठी ठेवलेले असतात, ते घरातल्या इतर बायांनी खाल्ले तर काही बिघडत नाही. अळिवात लोह गुळाच्या कितीतरी पट असते.

डिंक, खारीक, खोबरे, बदाम यांचे बाळंतिणीचे लाडू सर्वांच्या ओळखीचे आहेत, त्यांच्या कृतीत शिरत नाही. त्यात आपल्या भागात गोडंबी घालतात, तिच्याविषयी मात्र बोलले पाहिजे. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. चवीला खोबऱ्या-बदामाच्या मधली, फार गोड. पण बिब्ब्याच्या टरफलात जो काळा रस असतो, ज्याने धोबी कपड्यांवर खुणा करीत, तो कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड येतात. मराठवाडा-विदर्भाच्या या पट्ट्यात बिब्बे फोडून पोट भरणाऱ्या बाया आहेत. त्यांची बोटे काळी पडलेली, तोंडावर उडालेल्या रसाचे डाग. आपण पावशेर गोडंबी आणतो तेव्हा भावासाठी घासाघीस करतो. मला विचाराल तर त्या जिनसेत तरी घासाघीस करू नये. आणि घरी बिब्बे फोडायच्या भानगडीत पडू नये, पोरांसमोर तर मुळीच नाही. गोडंबीला काळा रस चिकटलेला दिसला तर ती लाडवात घालू नये. कोणाला बिब्बा उततो असे ठाऊक असेल, त्याला गोडंबीही देऊ नये.

चिक्कीचे थोडक्यात सांगते. दाण्याइतकाच गूळ घेऊन, चमचाभर तूप सोडून मंद आचेवर वितळवावा. थेंब थंड पाण्यात टाकला की कडक गोळी झाली पाहिजे आणि ती दातांनी टच्‌कन तुटली पाहिजे. दाताला चिकटली तर पाक कच्चा. तुकडा पडायच्या आधीच पाट्यावर तूप लावून तयार ठेवा, कारण दाणे घातल्यावर श्वास घ्यायलाही वेळ नसतो. थापा, लाटा, आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडा. चिक्कीत गूळ निम्मा, लाडवात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून चिक्की सणाची आणि लाडू रोजचा, असे मी धरते. चिक्की दाताच्या खाचेत बसते. पोरांना नंतर चूळ भरायला लावावी.

लहान मुलांविषयी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खा दाणा किंवा फुटकी फाक देऊ नका. हसताना, पळताना तो दाणा श्वासनळीत गेला तर मुलाचा जीव घाबरा होतो, कधी जातोही. त्यांच्यासाठी कूट अगदी बारीक, वस्त्रगाळ करावे आणि लाडू कुस्करून दुधात किंवा भाकरीबरोबर भरवावा. दाणे खाल्ल्यावर एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. अशा माणसाला पुन्हा दाणा देऊ नये, आणि श्वास लागला तर घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात न्यावे.

आता राहिला वाट्याचा प्रश्न. त्या घरी आम्ही निवडलेल्या चांगल्या शेंगांचे लाडू त्याच दिवशी केले. आजींनी भाजले, सुनेने कांडले, मी वळले. संध्याकाळी डबा उघडला. आजोबांना दोन, मुलगा रानातून आला त्याला दोन, दोघा नातवांना एकेक, मला पाहुणी म्हणून आग्रहाने दोन. आजींनी अर्धा घेतला. सून चुलीपाशी होती. मी विचारले तर म्हणाली, "राहू द्या बाई, मी मागून खाते." तो मागून येणारा लाडू किती घरांत खरोखर येतो, हे तुम्ही मला सांगायला नको. डब्याच्या तळाशी उरलेला चुरा हाच बहुधा तिचा लाडू असतो.

म्हणून मी एक युक्ती सुचवली, ती तुम्हालाही सांगते. सव्वीस लाडू झाले तर ते एका डब्यात भरू नयेत. वळतानाच वाटून टाकावेत. गरोदर, अंगावर पाजणारी, नहाण आलेली पोर, रक्त कमी असलेली बाई, यांचा डबा वेगळा. रोजचे दोन धरून आठवड्याचे चौदा. उरलेले बाकीच्यांचे. वेगळ्या डब्यातून घ्यायला दुसऱ्याला संकोच वाटतो, आणि "मागून खाते" म्हणायची वेळच येत नाही. आजींना हे आधी रुचले नाही. "सुनेचा डबा येगळा? लोक काय म्हणतील?" मग जरा वेळाने स्वतःच उठल्या, फळीवरचा जुना पितळी डबा खाली काढला आणि पुसायला घेतला. म्हणाल्या, "ह्यो माझ्या मायनं बाळंतपणात दिला होता."

डब्याविषयी म्हणून शेवटी एक सूचना. डबा कोरडा ठणठणीत हवा, लाडू पुरते निवल्याशिवाय झाकण लावू नये. पावसाळ्यात लाडू एकदम पंधरा दिवसांचे न करता आठवड्यापुरतेच करावेत. ओला हात डब्यात घालू नये. वास खवट आला की उरलेले टाकून द्यावेत, जीव हळहळला तरी. आणि रानात जाताना दोन लाडू फडक्यात बांधून न्याल तेव्हा पाण्याचा तांब्या बरोबर घ्यायला विसरू नका. दाण्याने तहान फार लागते.